ख्रिस्ताचे दुःखसहन आणि पापातून सुटका: वधस्तंभावर नेमके काय झाले, आणि मग तेच पाप पुन्हा का होते?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "लेंटमध्ये (ईस्टरआधीच्या उपवासकाळात) दर शुक्रवारी संदेश ऐकतो, उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) तर रडू आवरत नाही. ईस्टर होऊन दोन आठवडे झाले की जुनेच पाप पुन्हा हातून घडते. प्रभूने दुःख सोसून मला पापातून सोडवले म्हणजे नेमके काय केले? देवाला दुःखाशिवाय नुसती क्षमा करता आली नसती का? आणि मी सुटलो असेन, तर हे असे का होते?"

आधी त्या रडण्याचे बघू. डोळ्यांत पाणी येणे वाईट नाही, पण त्याला पश्चात्ताप समजू नका. वधस्तंभाकडे जाताना प्रभूने स्वतः यरुशलेमेच्या बायकांना "माझ्यासाठी रडू नका" असे सांगितले (लूक २३:२८). आपल्याकडे उत्तम शुक्रवारचा संदेश पुष्कळदा खिळ्यांची लांबी, चाबकाच्या टोकाची हाडे, रक्त किती गेले यातच संपतो. शुभवर्तमानात यातले काही नाही. फटक्यांचा उल्लेख मार्क एका वाक्यात उरकतो (१५:१५) आणि प्रत्यक्ष खिळण्याचाही तसाच, दोन-चार शब्दांत (१५:२४). ज्यांच्यासाठी तो लिहीत होता त्यांनी रोमी वधस्तंभ रस्त्याच्या कडेला पाहिलेले होते, त्यांना वर्णनाची गरज नव्हती. त्याला सांगायचे होते ते हे की हा कोण, आणि कोणाच्या जागी.

कोणाच्या जागी, याचे उत्तर त्याच अध्यायात आहे. बरब्बा बंडात खून केलेल्यांपैकी, तुरुंगात पडलेला. त्याने पश्चात्ताप केल्याचे कुठेही लिहिलेले नाही. सकाळी तो मरणाची वाट पाहत होता, काही वेळाने मोकळा झाला, कारण त्याच्या जागी प्रभू मरायला गेला. बायबल अभ्यासात हा भाग आपण घाईघाईने ओलांडतो. तसे करू नका. यशयाच्या सेवकगीताला (५२:१३ ते ५३:१२, सगळी मिळून १५ वचने) जे म्हणायचे आहे, की एकाने दुसऱ्यांची पापे वाहिली, ते इथे एका माणसाच्या बाबतीत डोळ्यांदेखत घडते.

आणखी एक बारीक गोष्ट. खिळण्यापूर्वी प्रभूला बोळ मिसळलेला द्राक्षारस देऊ केला, तो त्याने घेतला नाही (मार्क १५:२३). तो वेदना बधिर करणारा होता, असा बहुतेक भाष्यकारांचा अंदाज आहे. शेवटी मात्र त्याने आंब घेतली. योहान सांगतो की आंबेने भिजवलेला स्पंज एजोब नावाच्या झुडपाच्या काठीवर ठेवून वर केला होता (१९:२९). निर्गम १२:२२ मध्ये वल्हांडणाच्या रात्री कोकराचे रक्त दाराच्या चौकटीला लावायला हीच एजोबाची जुडी वापरली होती. योहानाने ते झाड उगाच नोंदवलेले नाही. मिसरातल्या गुलामगिरीतून झालेली सुटका आणि ही सुटका तो शेजारी शेजारी ठेवतो आहे. म्हणजे पहिल्यापासूनच विषय नुसत्या क्षमेचा नाही, तर कोणाच्या तरी ताब्यातून बाहेर काढण्याचा आहे. हे लक्षात ठेवा, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे मूळ इथेच आहे.

आता दुसरा प्रश्न: नुसती क्षमा का नाही? याचे सगळ्यात सरळ उत्तर प्रभूच्याच दाखल्यात आहे (मत्तय १८). एका दासाला राजाचे दहा हजार तालांत देणे होते. एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दिनार आणि एक दिनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी. हिशेब केला तर सहा कोटी दिवसांची मजुरी होते. राजाने ते सोडून दिले. पण ते पैसे हवेत विरले नाहीत, तेवढी खोट राजाच्या खजिन्याला बसली. क्षमा फुकट मिळते ती घेणाऱ्याला. देणाऱ्याला ती कधीच फुकट पडत नाही. ज्याने घरातल्या माणसाचा मोठा विश्वासघात खरोखर पोटात घातला आहे, त्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. वधस्तंभ म्हणजे देवाने ती खोट स्वतःच्या अंगावर घेणे.

"स्वतःच्या" हा शब्द इथे महत्त्वाचा आहे, कारण इथेच सगळ्यात मोठी गफलत होते. "रागावलेल्या बापाने निरपराध मुलाला मारले आणि मग त्याचा राग शांत झाला" असे चित्र रविवारच्या शाळेतसुद्धा नकळत उभे राहते. हे पवित्र शास्त्राचे शिक्षण नाही. देव ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःशी समेट करत होता, असे पौल म्हणतो (२ करिंथ ५:१९). माझा प्राण कोणी माझ्यापासून हिरावून घेत नाही, मी होऊन तो देतो, असे प्रभू म्हणतो (योहान १०:१८). इथे तिसरा कोणी पकडून आणलेला नाही. न्यायाधीश स्वतःच खाली उतरला आहे. "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" ही वधस्तंभावरची प्रभूची आरोळी खरी आहे, तिचे टोक बोथट करू नका. पण ती २२व्या स्तोत्राची पहिली ओळ आहे, आणि त्या स्तोत्राच्या २४व्या वचनात देवाने पीडिताच्या पीडेला तुच्छ मानले नाही, त्याच्यापासून तोंड लपवले नाही असे म्हटले आहे. ते स्तोत्र ३१ वचनांचे आहे. उत्तम शुक्रवारी ते पूर्ण वाचा, पहिल्या ओळीवर थांबू नका.

वधस्तंभाचा अर्थ मंडळीने एकाच साच्यात कधी बसवला नाही. कॅन्टरबरीचा आर्चबिशप अन्सेल्म याने १०९८ च्या सुमारास मान आणि भरपाईच्या भाषेत तो मांडला, बाराव्या शतकात फ्रेंच धर्मपंडित आबेलार्डने त्यात आपले मन पालटवणारे प्रेम पाहिले, आणि १९३१ मध्ये स्वीडनच्या गुस्ताफ आउलेन या धर्मपंडिताने जुन्या मंडळीचा विजयाचा सूर पुन्हा पुढे आणला: ख्रिस्ताने पाप, मरण आणि सैतान यांचा पराभव केला. आपल्या बहुतेक मंडळ्यांत फक्त पहिली भाषा ऐकू येते, दंड भरला, खाते बंद झाले. ती खोटी नाही, पण एकटी अपुरी पडते. दंड भरलेला माणूस मोकळा होतो खरा, पण त्याला कैदेत टाकणारा अजून मोकाटच असेल तर तो उद्या पुन्हा पकडला जाईल. कलस्सैकरांस पत्रात (२:१४, १५) पौल दोन्ही गोष्टी एका दमात सांगतो: आपल्याविरुद्धचा लेख खिळून टाकला, आणि सत्ताधीशांना नाडून त्यांचे उघड प्रदर्शन केले.

लेवीय १६ मध्ये हेच दोन बकऱ्यांतून दिसते. प्रायश्चित्ताच्या दिवशी एक बकरा मारला जाई आणि त्याचे रक्त आत नेले जाई. दुसऱ्याच्या डोक्यावर मुख्य याजक दोन्ही हात ठेवून इस्राएलाची सगळी पापे कबूल करी, आणि तो जिवंतच रानात सोडला जाई. पहिला दंडाचे सांगतो, दुसरा पाप वस्तीबाहेर नेले गेल्याचे. हे दरवर्षी करावे लागे. इब्री लोकांस पत्राचा लेखक फरक दाखवतो: याजक रोज सेवा करत उभा असतो, ख्रिस्त मात्र एकदाच यज्ञ करून बसला (१०:११, १२). निवासमंडपात, म्हणजे इस्राएलाच्या उपासनेच्या तंबूत, दीपवृक्ष, मेज, वेदी सगळे होते, पण बसायला आसन नव्हते.

मराठी घरांत एक अडचण हमखास येते, आणि ती मोकळेपणी बोलली जात नाही: "करावे तसे भरावे" हे आपल्या हाडीमांसी भिनलेले आहे, मग माझे दुसऱ्याने कसे भरावे? पवित्र शास्त्र हा नियम खोटा ठरवत नाही. माणूस जे पेरतो त्याचेच पीक त्याला मिळेल, असे पौलही म्हणतो (गलती ६:७). दावीद राजाचे उदाहरण घ्या. बथशेबाशी व्यभिचार आणि तिच्या नवऱ्याचा, उरीयाचा, घात या प्रकरणात त्याने पाप कबूल करताच नाथान संदेष्टा म्हणाला, परमेश्वराने तुझे पाप दूर केले आहे. त्याच दमात परिणामही सांगितले (२ शमुवेल १२), आणि दावीदाच्या घरातली तलवार पुढे हटली नाही. म्हणजे क्षमेने दोष जातो, देवापासूनचा दुरावा जातो, शाप जातो. पण जुगारात केलेले कर्ज उरतेच, ते हप्त्याहप्त्याने फेडावे लागते. बायकोचा उडालेला विश्वास एका प्रार्थनेत परत येत नाही. कोर्टातली केस बाप्तिस्मा घेतल्याने मिटत नाही. हा भेद न कळल्यामुळे पुष्कळ जण परिणाम दिसले की "देवाने क्षमा केलीच नाही" असे समजून खचतात.

आता तिसरा प्रश्न, आणि इथे रोमकरांस पत्राचा सहावा अध्याय उघडून बसा. पहिली १४ वचने पेन्सिल घेऊन वाचा. पौल क्रमाने चालतो. आधी काय घडले ते सांगतो: ख्रिस्ताबरोबर आपला जुना माणूस वधस्तंभावर खिळला गेला (व. ६). मग ते धरून चालायला सांगतो: आपण पापाला मेलेले आणि देवाप्रीत्यर्थ जिवंत असे स्वतःला माना (व. ११). आणि त्यानंतर कुठे हातपाय, डोळे, जीभ यांची गोष्ट येते: आपले अवयव पापाला देऊ नका, देवाला द्या (व. १३). आपण नेमका हा क्रम उलटा करतो. आधी अवयव आवरायचे, ते जमले तर स्वतःला सुटलेला मानायचे, आणि मग देवाने काही केले यावर विश्वास ठेवायचा. असे चालणारा माणूस तिसऱ्या आठवड्यात थकतोच.

पौल हेही सांगत नाही की पापाची इच्छा मेली. मेला आहे तो आपण त्याचे गुलाम असण्याचा संबंध. नोकरी सोडली तरी जुन्या साहेबाचा फोन आला की माणूस सवयीने उठून उभा राहतो. साहेबाचा हुकूम मात्र आता चालत नाही. म्हणून "मला अजून मोह होतो, म्हणजे मी सुटलोच नाही" हा निष्कर्ष चुकीचा आहे. उलट "कृपा आहे, मग काय हरकत" हाही चुकीचा. पौलाने तो अध्यायाच्या पहिल्या दोन वचनांतच खोडला आहे. दंडापासून सुटका झालेली आहे, सत्तेपासून ती रोज होत असते, आणि पापाच्या अस्तित्वापासून ती प्रभूच्या येण्याच्या वेळी व्हायची आहे. सातव्या अध्यायातला "जे करावेसे वाटते ते मी करत नाही" हा आक्रोश विश्वास ठेवणाऱ्याचा की त्याआधीचा, यावर टीकाकारांचे आजही एकमत नाही. त्या वादात अडकून पडू नका, पण सातवर थांबूही नका. आठवा अध्याय "आता दंडाज्ञा नाहीच" असा सुरू होतो.

मग प्रत्यक्ष करायचे काय? पहिले म्हणजे पाप पदरी घेणे, म्हणजे कबूल करणे (१ योहान १:९), आणि तेही नाव घेऊन. "प्रभू, माझ्या सर्व पापांची क्षमा कर" ही उपासनेतली प्रार्थना आहे. एकांतात ती पुरत नाही. "मंगळवारी मी भावाच्या हिश्श्याबद्दल खोटे बोललो" असे म्हणा. सबब जोडू नका. कोणाचे नुकसान झाले असेल तर ते भरून द्या. गणना ५:७ मध्ये पाप कबूल करून पूर्ण रक्कम आणि वर पाचवा हिस्सा द्यायला सांगितले आहे, म्हणजे दहा हजार घेतले असतील तर बारा हजार. जकातदार जक्कय चौपटीवर गेला, पण त्याला ते कोणी सांगितले नव्हते. हे देणे क्षमेची किंमत नव्हे. जक्कयाच्या घरी प्रभू आधी गेला, पैशांचे बोलणे नंतर निघाले.

दुसरे, पुरवठा तोडणे. देहवासनांसाठी तरतूद करू नका, असे रोम १३:१४ मध्ये आहे, आणि ही फार व्यवहारी सूचना आहे. बहुतेक पापे अचानक घडत नाहीत, त्यांची एक वेळ, एक जागा आणि आधीची एक पायरी ठरलेली असते. आठवडाभर लिहून काढा: पडलो तेव्हा किती वाजले होते, कुठे होतो, त्याआधी अर्धा तास काय करत होतो. पुष्कळदा उत्तर निघते ते असे: रात्री अकरानंतर, एकटा, फोन हातात, आणि त्याआधी घरात झालेले भांडण. मग फोन रात्री दहाला बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावणे ही वधस्तंभाच्या शिक्षणाला धरूनच असलेली कृती आहे. ती कमी आध्यात्मिक आहे असे समजू नका.

तिसरे, एक माणूस. याकोब ५:१६ एकमेकांजवळ पापे कबूल करायला सांगते. कॅथलिक असाल तर धर्मगुरूकडे पापनिवेदन आहेच. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत याची सोय कागदावर असते, प्रत्यक्षात कोणी जात नाही, कारण गोष्ट बाहेर फुटण्याची भीती असते, आणि ती भीती अगदीच खोटी नाही. म्हणून माणूस निवडून घ्या: तुमच्याच लिंगाचा, वयाने किंवा विश्वासाने मोठा, नातेवाईक नसलेला, आणि दुसऱ्यांच्या गोष्टी तुम्हाला कधी न सांगितलेला. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, पंधरा मिनिटे पुरतात. जाहीर साक्षीत सगळे ओतून टाकण्याच्या फंदात पडू नका. त्यात दुसऱ्यांची नावे आणि अब्रूही ओढली जाते.

आणि पुन्हा पडलात तर? इथे पेत्र आणि यहूदा या दोघांकडे पाहा. प्रभूला अटक झाली त्याच रात्री दोघांनीही दगा दिला, दोघांनाही वाईट वाटले. यहूदा कबुली घेऊन याजकांकडे गेला, त्यांनी त्याला झटकले, आणि तो एकटाच निघून गेला. पेत्र शिष्यांमध्येच राहिला. योहान १८:१८ मध्ये तो कोळशाच्या विस्तवाशी शेकत उभा होता, तिथे त्याने प्रभूला नाकारले. २१:९ मध्ये पुन्हा कोळशाचा विस्तव, आणि या वेळी तो प्रभूने पेटवलेला. तिथे "तू माझ्यावर प्रीती करतोस काय?" अशी तीनदा विचारणा होते, आणि तिन्ही वेळा एक काम हाती दिले जाते. पडल्यावर चोवीस तासांच्या आत कबुली द्या, त्या एका माणसाला कळवा, आणि रविवारी उपासना चुकवू नका. बहुतेक माणसे त्या पापामुळे नव्हे, तर त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांच्या गैरहजेरीमुळे दुरावतात.

काही बाबतीत मात्र हे सगळे पुरेसे नाही, आणि पाळकांनीही ते ओळखायला हवे. रोज भरपूर दारू पिणाऱ्याला "आज वधस्तंभाशी सोडून दे, उद्यापासून थेंब नको" असे सांगणे जिवावर बेतू शकते. अचानक बंद केल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत थरथर, फिट, भ्रम होऊ शकतो. डॉक्टरच्या देखरेखीखाली सोडवा, प्रार्थना सोबत चालू राहू द्या. दुसरे, एखादा माणूस तेच पाप, क्षमा झाल्यावरही, दिवसातून पाच-सहा वेळा कबूल करत असेल, चुकून मनात आलेल्या विचारासाठीही धास्तावत असेल, तर त्याला आणखी पश्चात्तापाचे संदेश देऊ नका. हा बहुधा मंत्रचळाचा आजार असतो, त्यावर मानसोपचार आहेत. त्याने एकाच सल्लागाराकडे जावे आणि एका पापाची कबुली एकदाच द्यावी, एवढा नियम तोवर घालून द्या.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात गंभीर वाटते. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला "प्रभूनेही सोसले, तूही सोस" असे सांगितले जाते. हा वधस्तंभाचा दुरुपयोग आहे. प्रभूने स्वतःहून सोसले, आपल्या वेळी, आपल्या हेतूसाठी. दुसऱ्याला मार खायला लावण्यासाठी नाही. आणि याजक हन्ना याच्यासमोर शिपायाने चपराक मारली तेव्हा त्याने विचारले: मी वाईट बोललो असलो तर सिद्ध कर, चांगले बोललो असलो तर मला का मारतोस? (योहान १८:२३). अशा बाईला आधी सुरक्षित जागा हवी. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येते. नवऱ्याच्या पश्चात्तापाची पारख नंतर, आणि ती महिन्यांवर होते, अश्रूंवर नाही.

पवित्र सप्ताहात घरी वाचायला मार्क घ्या. चौदावा आणि पंधरावा अध्याय मिळून ११९ वचने आहेत, मोठ्याने वाचायला वीस मिनिटांच्या आत होतात. गुरुवारी रात्री चौदावा एका बैठकीत. शुक्रवारी पंधरावा तुकड्यांनी, कारण मार्कने स्वतःच दर तीन तासांनी घड्याळ दाखवले आहे: पहाटे पिलातासमोर (व. १), सकाळी नऊला खिळणे (व. २५), दुपारी बाराला अंधार (व. ३३), तीनला आरोळी (व. ३४), संध्याकाळी शरीर मागणे (व. ४२). त्या त्या वेळी तेवढेच वाचून शांत बसा. बारा ते तीनच्या उपासनेत प्रभूचे वधस्तंभावरचे सात उद्गार ऐकायला मिळतीलच. त्यातले तीन लूकातले, तीन योहानातले आणि एक मत्तय-मार्कातला आहे. त्यांची सरमिसळ करण्यापूर्वी एका लेखकाचे एकसलग ऐकलेले बरे.

शेवटी प्रभुभोजनाबद्दल, कारण पडल्यावर लोक पहिल्यांदा तिथून मागे सरतात. मेजाची वेळ आली की मागच्या बाकावरून हळूच बाहेर जाणारे प्रत्येक मंडळीत असतात. "अयोग्य प्रकारे" खाण्याचा इशारा १ करिंथ ११:२७ मध्ये आहे, पण करिंथात काय चालले होते ते २१व्या वचनात वाचा: श्रीमंत आधी खाऊन-पिऊन मस्त होत होते आणि गरीब उपाशी राहत होते. दोष प्रकाराचा होता. पापी माणसाने येऊच नये असे पौल म्हणत नाही, माणसाने आत्मपरीक्षण करावे "आणि मग" ती भाकर खावी असे तो म्हणतो (व. २८). कॅथलिक शिस्तीत गंभीर पाप असेल तर आधी पापनिवेदन, मग ख्रिस्तशरीर; ती शिस्त पाळा. प्रॉटेस्टंट असाल तर शनिवारी रात्री अर्धा तास काढा, पाप नाव घेऊन पदरी घ्या, भावाशी बिनसले असेल तर त्याच रात्री फोन करा (मत्तय ५:२३, २४), आणि रविवारी मेजाजवळ या.